जेव म्हटल्याशिवाय

७ जुलै, मंगळवार
आमचा कुत्रा मणी गेला. स. साडेसहाला मीनू दुधाची पाकिटं घ्यायला फाटकाशी गेली तर हा पपईखाली आडवा. तोंडाला फेस, डोळे उघडे. जवळ केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर भात आणि मटणाचं हाड. आमच्या घरात हाड येत नाही. कोणी टाकलं आणि कशासाठी, हे मद्रासेत, निदान आमच्या वेलचेरीत, आता लहान मुलालाही कळतं. गेल्या महिन्यात मागच्या नगरात दोन घरं फुटली, दोन्हीकडे आधी कुत्रं मेलं.
मणी कोणाच्याही हातचं खायचा. पोस्टमनच्या, पेपरवाल्याच्या. आणि आम्ही त्याचं कौतुक करायचो, किती गोड आहे म्हणून.
मोहनने मागे खड्डा खणला, त्यात कंपनीची बस चुकली. मी शाळेत गेले. आठवी ब ला हिंदीची कविता शिकवली, कोणती ते आठवत नाही.

९ जुलै
मीनू पपईकडे जात नाही. घराला वळसा घालून मागच्या दाराने येते.
हिशेब सोपा आहे. मोहनला इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून यायला आठ वाजतात. मी साडेचारला. मीनू दुपारी साडेबाराला शाळेतून येते आणि घरात फक्त सासूबाई, वय बहात्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या चार तासांपुरता मणी होता.
मोहन म्हणाला, "रविवारी दुसरं कुत्रं आणू." जसं काही कोथिंबीर आणायची आहे.

१२ जुलै, रवि.
कुत्रं मिळत नाही. जनावरांचे डॉक्टर हसले. "मॅडम, आख्ख्या वेलचेरीला कुत्रं पाहिजे आहे." त्यांच्याकडे वही आहे. एक अल्सेशियन व्यायलीसुद्धा नाही अजून आणि अकरा नावं लागली आहेत. आमचं बारावं. तांबरमला एकांकडे पिल्लं होती, पोचेपर्यंत संपली. त्या बाईंनी उलट आम्हालाच विचारलं, घर स्वतःचं का, दिवसभर कोण असतं, मुलगी शेपटी ओढते का. लग्नासाठी मला दाखवलं तेव्हासुद्धा कोणी इतकं विचारलं नव्हतं.
परत येताना रस्त्यावरचं एखादं उचलू म्हटलं. मोहन म्हणाला, "रस्त्यावरचं कोणी टाकलेलं पहिल्यांदा खाईल." बरोबर आहे त्याचं. चिडले तरी बरोबर आहे.

१८ जुलै, शनि.
आडी लागला, इथला देवीचा महिना. अम्मनच्या देवळातले कर्णे पहाटेपासून. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. सासूबाई त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणतात, देवीचं अहे, काही म्हणू नये. मी काही म्हणत नाही.

२१ जुलै
कमला मामी गेल्या. तिसऱ्या गल्लीतल्या, आम्हाला कढीपत्ता द्यायच्या त्या. दु. दोन वाजता, भर दिवसा, घरात एकट्या. कानातल्या कुड्या आणि मंगळसूत्रासाठी. डोक्यात मारलं. कर्णे चालू होते, शेजारच्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांचा पांढरा पॉमेरेनियन कुत्रा गेल्या आठवड्यातच मेला होता. त्या म्हणाल्या होत्या, काहीतरी बाधलं असेल.
मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण बोलायची सोय नाही. मी बोलले तर सासूबाई घाबरतील आणि मीनू पुन्हा अंथरूण ओलं करेल.
मुख्याध्यापिकाबाईंकडे महिन्याची रजा मागितली. "प्रत्येक टीचरच्या घरी म्हातारी माणसं आहेत," म्हणाल्या.

२६ जुलै, रवि.
मिळालं. शहरातल्या रविवारच्या बाजारात. पिंजऱ्यांत लव्हबर्ड, ससे, आणि कुत्र्यांभोवती ही गर्दी, जसा रेशनला रॉकेलचा टँकर आलाय. शेवटी एका माणसाने कोपऱ्यात बोलावलं. मोठं कुत्रं, तीनेक वर्षांचं, अल्सेशियन मिश्र, तपकिरी, डावा कान मोडलेला. "चहाच्या एस्टेटवरचा आहे सार, मालक परदेशी गेले." गळ्याभोवती केस झिजलेले, म्हणजे पट्टा होता. पट्टा कुठे म्हणून मी विचारलं. माणूस मोहनकडे बघून बोलत राहिला. मागे दोघं जण पैसे हातात घेऊन उभे होते. मोहनने घेतलं.
पट्ट्याचं मी पुन्हा विचारलं नाही.

२७ जुलै
खात नाही. दहीभात ठेवला. ताटापुढे उभा राहतो, लाळेची तार जमिनीपर्यंत, पण तोंड लावत नाही. मी म्हटलं खा, खा रे बाबा. मोहनने इंग्रजीत सांगितलं, तमिळमध्ये सांगितलं. सासूबाईंनी "खाऽ रे" म्हणून पाठीवरून हात फिरवला. शेपूट हलवतो, खात नाही.

२८ जुलै
तेच. पाणी पितो. बरगड्या दिसायला लागल्या. मोहनचं मत, आजारी जनावर गळ्यात मारलं. डॉक्टर म्हणाले ताप नाही, जीभ लाल आहे, दुःखात असेल. जनावराच्या दुःखावर गोळ्या दिल्या आहेत. गोळीही खात नाही.

२९ जुलै, बुध.
आज जे झालं ते नीट लिहायला हवं.
संध्याकाळी मीनूला जेवायला वाढलं. तीही हल्ली चिवडत बसते. सासूबाई तिच्याजवळ बसल्या होत्या, कंटाळून म्हणाल्या, "जेव गे. जेव."
दारात उभं असलेलं कुत्रं आपल्या ताटावर तुटून पडलं. ताट घासत घासत भिंतीपर्यंत गेलं. तिघी बघत राहिलो. मी आणखी भात घातला. पुन्हा उभा. सासूबाई त्याच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "जेव." खाल्लं.
कुत्र्याला कोणी जेव म्हणतं का. कुत्र्याला खा म्हणतात, इथेही आणि आमच्या साताऱ्यातही. ज्या घरात त्याला जेव म्हणत होते, तिथे तो ताटावर बसणाऱ्यांपैकी एक होता.
मीनू हसली. तीन आठवड्यांनी.

३० जुलै
सासूबाई त्याला "बैस" म्हणाल्या, बसला. "उगी रहा," गप्प झाला. त्या मला म्हणाल्या, "हे अम्च्या माणसांच्या घरचं अहे ग. तंजावरकडच्या. कोण तरी रडत असल." मद्रासेत त्यांची माणसं अशी किती, सगळी एकमेकांना तीन प्रश्नांत ओळखतात. मी म्हटलं, एस्टेटवरचा आहे. "एस्टेटवर कोण जेव म्हणतं?" त्या म्हणाल्या.
मोहन आल्यावर म्हणाला, "आपण चोरलेलं नाही. विकत घेतलंय." आईशी बोलताना तो नेहमी त्यांच्या भाषेत बोलतो. हे मात्र इंग्रजीत म्हणाला.

५ ऑगस्ट
सासूबाईंनी मी शाळेत असताना भजनातल्या दोन बायकांना फोन केले. पत्ता हातात. कोनेरीराव, वेस्ट मांबलम, रेल्वेतून रिटायर, एकटेच. कुत्रं त्या रविवारच्या बाजाराआधी दोन दिवस चोरीला गेलं. डावा कान मोडलेला.
मोहनने पत्ता दोनदा वाचला. शेवटी मोहन म्हणाला, "ठीक आहे. रविवारी नेऊन देऊ." मीनू कुत्र्याच्या पाठीवर डोकं ठेवून गृहपाठ करत होती. तिला अजून सांगितलेलं नाही.

७ ऑगस्ट, शुक्र.
स. सहाला पपईखाली केळीचं पान. भात. हाड. अगदी तेच. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर हा बसलेला, लाळ गळतेय, हाडावर नजर, हललेला नाही. किती वेळ बसला होता देव जाणे.
मी तिथेच मातीत बसले आणि रडले. त्याच्या गळ्यात हात टाकला. मोहनने पान उचलून जाळलं.
ज्यांनी टाकलं त्यांना कुत्रं जिवंत असल्याचं कळलं असेल. म्हणजे आज दुपारी कोणी आलं नाही ते त्याच्यामुळे. नसता तर काय, हे मी लिहीत नाही.

९ ऑगस्ट, रवि.
मोहन सकाळी पेपर वाचत बसला. साखळीला हात लावला नाही. सासूबाई आंघोळ करून, चांगली साडी नेसून तयार. अकरा वाजले. "आज नको आई. ते चोर पकडले जाऊ देत, मग." त्या साडी बदलायला गेल्या.
मी म्हटलं, मी एकटी जाऊन बघून येते, तेच कुत्रं का ते तरी कळेल. मोहनला बरं वाटलं. मलाही, खोटं कशाला बोलू.

मांबलमला घराचा मागचा भाग, एक खोली आणि स्वयंपाकघर. ओट्यावरच्या खुंटीला पट्टा टांगलेला. चोरांनी कापून टाकलेला. मी सांगितलं, सासूबाईंनी विचारपूस करायला पाठवलंय. कोनेरीरावांनी हात धरून आत नेलं. माझं मराठी ऐकून खूश झाले. "तुम्चं पुस्तकातलं अहे. बोला, बोला." मुलगा अमेरिकेत, नातवंडांना तमिळसुद्धा धड येत नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं आधीचं कुत्रं कोणीतरी विष घालून मारलं, म्हणून याला तिनेच शिकवलं. "जेव म्हटल्याशिवाय तोंड लावायचा नाही. कोणी धरून नेला त्याला कसं कळल? उपाशी मेला असल." पुन्हा तेच, "उपाशी मेला असल."
एवढं तरी मला सांगता आलं असतं. की जेवतो.
"ती गेली मग मराठी कळणारा तोच येक होता घरात. अता तोंडच उघडना." मी कुत्र्याचं नाव विचारलं. धाकटा. मोठा अमेरिकेत आणि हा धाकटा.
निघताना म्हणाले, "काही कळलं का?" मी नाही म्हणाले. स्पष्ट, तोंडावर. त्यांनी कुंकवासाठी बायकोची डबी माझ्यापुढे धरली.
घरी येऊन सांगितलं, घर सापडलं नाही.

१२ ऑगस्ट
सासूबाईंनी काही विचारलं नाही. पण काल सकाळपासून त्या कुत्र्याला जेव म्हणत नाहीत. ताट वाढून ठेवतात आणि जपाची माळ घेतात. काल मीनूने जेव म्हटलं, आज ती शाळेत गेल्यावर मला म्हणावं लागलं. खाल्लं त्याने. माझंही ऐकतो आता.

१५ ऑगस्ट, शनि.
झेंडावंदन. मुलांना लाडू वाटले. चोर अजून सापडलेले नाहीत. शेजारच्या नायरांनी विचारलं, तुमचं कुत्रं कुठे मिळालं, आम्हालाही पाहिजे. मी म्हटलं, नशीब लागतं.
कोनेरीराव जेवताना एकच ताट घेत असतील. जेवायला बसलं की मला ते दिसतात, आणि कुत्रं द्यायचं म्हटलं की कमला मामींचं अंगण दिसतं. दोन्ही खरं आहे. मोहनला यातलं एकच खरं वाटतं, त्याला झोप लागते.

१६ ऑगस्ट, रवि.
मोहन मीनूला घेऊन केस कापायला गेला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. का केलं माहीत नाही. हळू आवाजात म्हटलं, "धाकट्या."
तो घराच्या मागून आला, कोपऱ्यावर पाय घसरले, तरी थांबला नाही. माझ्या अंगावरून पुढे गेला आणि फाटकावर दोन्ही पाय टाकून उभा राहिला. रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. कुठलाही आवाज केला नाही. मग खाली उतरला, माझ्याकडे आला, माझ्या मागे पाहिलं.
ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना धड दिसत नाही, ऐकू नीट येतं.
"नाव कोण सांगिटलं तुज?"
साडी अर्धी तारेवर, अर्धी हातात. त्या उठल्या, चाचपडत आत गेल्या, त्याचं ताट भरून आणलं आणि आम्हा दोघींच्या मधे ठेवलं. माळ घेतली नाही. नुसत्या बसल्या.
आता अकरा वाजायला आलेत. मी पायरीवर वही घेऊन बसले आहे. मोहन येईल एवढ्यात. साखळी खुंटीवर आहे. धाकटा ताटापुढे उभा आहे, आळीपाळीने आमच्याकडे बघतोय. अजून दोघींपैकी कोणी जेव म्हटलेलं नाही.