फ्रिजमधला आर्क्टिक समुद्र

१ जानेवारी २००६, रविवार. सकाळी ६.४० (अलार्म ४.३०चा होता)

नवीन वर्ष, नवीन डायरी. ही फक्त माझ्यासाठी. या वर्षी पीएच.डी. संपवायची म्हणजे संपवायचीच. जुलैअखेर रजिस्ट्रेशनची मुदत संपते. विषय: गरम आणि आंबट होत चाललेल्या समुद्राचा आर्क्टिकच्या शिंपल्यांवर होणारा परिणाम. धुरातला कार्बन समुद्रात विरघळतो, पाणी आंबट होतं, शिंपल्यांची कवचं झिजतात. जगात यावर काम करणारे मोजकेच. जाफराबाद तालुक्यात मी एकटाच.

औरंगाबादचे गाइड सर म्हणाले होते, अहो बद्रीनाथ, पूर्णेतले शिंपले घ्या, घराजवळ मिळतील. नदीतले शिंपले काय, कोणीही घेईल! मी नॉर्वेच्या एका संशोधक बाईंना सात पत्रं लिहिली. सातव्याला पार्सल आलं. चाळीस रिकामी कवचं, कापसात गुंडाळलेली. कापूस पाहून वडील हसले. म्हणे, आपल्याकडं काय कापसाचा दुष्काळ पडला व्हता?

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. संशोधकाच्या दृष्टीने हे चांगलंच, पूर्वग्रह राहत नाही.

४ जानेवारी

प्रयोग सुरू! घरीच. कॉलेजच्या लॅबची किल्ली कोणाकडे, यावर स्टाफरूममध्ये दोन मतं आहेत. पाच बरण्या फ्रिजमध्ये, चार अंशांवर. हा आर्क्टिक. पाच बाहेर टेबलावर, सध्या चोवीस अंश. हा तापलेला समुद्र. सगळीकडे मिठाचं पाणी. आंबटपणासाठी गयासोद्दीनभाईंच्या कारखान्यातला सोडा, कारण सोड्यातला वायू तोच जो समुद्रात विरघळतो. गयासोद्दीनभाई म्हणाले, सर, लोक सोडा पिऊन राह्यले अन् तुम्ही शिंपल्याला पाजून राह्यले. त्यांना सायन्स समजावण्यात अर्धा तास गेला.

रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला थर्मामीटर वाचायचा, आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग पाहायचा. दर रविवारी कवचं तोलायची. काटा तातेराव सोनारांचा, तोलणार मी स्वतः. खडतर आहे, पण आता माघार नाही.

६ जानेवारी

सकाळी सहाला जाग आली नाही. थंडी फार.

उपाय सापडला. दादांना रीडिंग शिकवलं. दादा, म्हणजे माझे वडील रखमाजी, आई गेल्यापासून धावड्याहून माझ्याकडे आलेत. वय अडुसष्ट, शाळा चौथी, पण आकडे पक्के. जन्मभर पहाटे उठलेला माणूस. इथं त्यांना काही काम नाही, ओट्यावर बसून एसट्या मोजतात. तर आता दादांनी वाचायचं, मला सांगायचं, मी वहीत लिहायचं. याला टीमवर्क म्हणतात. नीट बजावून सांगितलं, दादा, फ्रिजमध्ये चार पाहिजे. चार म्हणजे चार.

दादा इतके खूश झाले की धोतर बदलून फ्रिजपाशी गेले.

२२ जानेवारी, रविवार

दादांचं काम एक नंबर. ओट्यावर कोणी बोलवलं तर सांगतात, न्हाई जमायचं, सहाला ड्युटी हाय, बर्फाच्या समुद्राची.

दिवा लावला की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणाले. डोकंही दुखतं. मी टॉर्च मारून डोळे तपासले. मोतीबिंदू. पण पांढरं काही दिसलं नाही, म्हणजे अजून कच्चा आहे. कच्चा काढत नसतात, पिकू द्यावा लागतो. धावड्यात सगळ्यांचे पिकल्यावरच काढले. दादांना तसं समजावून सांगितलं, त्यांना पटलं. जीवशास्त्राचा माणूस घरात असल्याचा हा फायदा.

पहिलं प्रकरण: उद्यापासून.

१९ फेब्रुवारी, रविवार

बेबीनंदाचा फोन. (धाकटी बहीण, धावड्यातच दिलेली.) गावात डोळ्यांचं फुकट शिबिर आहे, दादाला ने म्हणजे नेच. एरवी नेलं असतं. पण आज तोलायचा दिवस, आणि चक्क दोन कवचं हलकी भरली! वीस मिलिग्रॅमने! तातेरावांनी दोनदा तोलून दिलं. म्हणाले, सर, एवढी घट सोन्यात आली असती तर मी रडलो असतो. मी मात्र आनंदाने पेढे आणले. समुद्र झिजवतोय, हे जाफराबादेत सिद्ध झालं.

शिबिर दुपारी आटोपलं. पुढच्याला नक्की. पक्कं. खाली रेघ मारून ठेवतो.

१२ मार्च, रविवार

दादा चौकटीला धडकले. हातातली सात नंबरची बरणी गेली. दोन कवचांचा चुरा. मी फार बोललो. नॉर्वेहून येतात ती, रानातून नाही, जरा बघून चालत जा. चुकलं माझं, म्हणाले. मग झाडू असताना हाताने चाचपत काचा वेचत बसले. बोट कापलं. जुनी माणसं, सांगून उपयोग नाही.

संध्याकाळी वाईट वाटलं. माफी मागायची ठरवली होती, पण ते झोपले होते.

९ एप्रिल, रविवार

ऊन बेचाळीसचं. लोडशेडिंग नऊ तास. कुलर बंद, डोकं बंद, प्रकरण बंद. आणि तरी आमचा फ्रिज चार अंशांवर! रोज विचारतो, रोज चार. कंपनीला अभिनंदनाचं पत्र लिहिलं पाहिजे. बाहेरच्या बरण्याही चोवीसच. घराच्या भिंती जाड आहेत, त्याचा हा फायदा असावा.

सोडा आणायला गेलो तर गयासोद्दीनभाईंनी हाताला धरून बाजूला घेतलं. म्हणाले, सर, तुमच्या वडलांना बिलकुल दिसून न्हाई राह्यलं. काल माझ्यासमोर उभे राहून मलाच विचारून राह्यले, गयासोद्दीन कुठं गेला म्हणून. डॉक्टरला दाखवा जल्दी. मी म्हणालो, पिकत आलाय. ते म्हणाले, आंबा हाय का सर? मला राग आला. माणसाने आपापल्या विषयात बोलावं.

२१ मे

प्रबंधाची पानं: शून्य. पण डोक्यात सगळं तयार आहे. दादा हल्ली ओट्यावरही जात नाहीत, भिंतीला धरून फ्रिजपर्यंत जातात आणि परत येतात. विश्रांती घेतात. वयच झालं. माझं सबमिशन झालं की ऑपरेशन, अगदी पहिलं काम तेच.

१४ जुलै, शुक्रवार. औरंगाबादहून परत आल्यावर

गाइड सरांनी वही चाळली. फ्रिज: चार, चार, चार. बाहेर: चोवीस, चोवीस. सहा महिने. पट्टीचा रंगही रोज तोच. सर म्हणाले, जाफराबादला लाइट जात नाही का हो? मी म्हणालो, जाते ना, नऊ नऊ तास जाते. मग म्हणाले, आणि मे महिन्यात तुमच्या घरात चोवीस अंश? मलाही न्या की राहायला. बाहेर बसलेली दोन पोरं हसली. मग सर हसायचे थांबले. हळू आवाजात विचारलं, रीडिंग कोणी घेतली? टीमने, म्हणालो. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. अशा आकड्यांवर मुदतवाढ मागता येणार नाही. महिनाअखेर रजिस्ट्रेशन रद्द.

एसटीत सगळा वेळ दादांचा राग येत होता. घरी येताच खिडकीतला थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. किती आहे, सांगा. दादांनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटा. चार, म्हणाले. पारा एकोणतीसवर होता.

मी थर्मामीटर त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांना कळलं. खाली बसले. म्हणाले, फेब्रुवारीपासनं आकडे दिसून न्हाई राह्यले बद्री. तू म्हणला व्हता चार पाह्यजे. मी बरणीला हात लावून पाह्यचो. गार लागली का चार. मी ओरडलो, मग सांगायचं ना मला! त्यावर म्हणाले, तू म्हणला, पिकून राह्यला. मला वाटलं, पिकून राह्यला. तू शिकलेला, मंग मी काय सांगू?



१८ जुलै. जालना

मोतीबिंदू नाहीच. काचबिंदू. तो पिकत नाही, नुसता नजर खात जातो, कडेकडेने, आणि खाल्लेली परत देत नाही. उजवा डोळा गेला. डाव्यात थोडी नजर आहे, समोरची, मुठीएवढी. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत आणलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. दादा बाकावर बसून विचारत होते, डाक्टर साहेब, मंग कधी कापायचा?

डाव्यातली नजर टिकवायची तर थेंब, दिवसातून तीनदा, जन्मभर, एकही वेळ न चुकवता.

हे मी करणार. तक्ता करून भिंतीवर लावला: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. मोबाइलमध्ये तीन अलार्म. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिणार. आता दुसरं काही नाही.

२२ जुलै

दुपारचे थेंब राहिले. प्राचार्यांनी बोलावलं होतं. दादांनी आठवण करून दिली नाही.

२५ जुलै

सकाळचे राहिले. काल दुपारचेही. तक्ता सुंदर झाला आहे, पण दादांना तो दिसत नाही. दिसला असता तर त्यांनी बरोबर सांगितलं असतं. हे लिहून वाचलं आणि वही दूर ठेवली.

३० जुलै, रविवार

बेबीनंदा आली. पिशवी घेऊनच आली होती. किती वेळा चुकलं, एवढंच विचारलं. एकदोनदा, म्हणालो. सात वेळा चुकलं होतं. तिने बाटली उचलून पाहिली. बाटलीत थेंब किती उरायला हवे होते हे तिला कळलं असावं. मग दादांची धोतरं घडी करत राहिली. आधी भांडायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

जीपच्या अड्ड्यापर्यंत दादांचा हात धरून नेलं. हात गार होता. दादा म्हणाले, थेंब बेबी टाकल. इथं राह्यलो त तुझं काम खोळंबतं. आता निवांत लिही. काम उरलेलं नाही, परवा रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचं पत्र आलं, हे सांगायचं होतं. सांगितलं नाही. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, माझा बद्री बर्फाच्या समुद्रावर मोठं काम करून राह्यला, मी पन त्याच्याच हाताखाली व्हतो.

दादांचे डोळे मी घालवले. हे वाक्य तीनदा खोडलं, आता राहू देतो.

जीप सुरू झाली तेव्हा दादांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मी जीपच्या उजवीकडे उभा होतो, ते डावीकडे पाहून हलवत होते. मी जीपला वळसा घालून धावत त्या बाजूला गेलो. तोपर्यंत जीप निघून गेली होती.