मांडी घालून वाजवलेलं व्हायोलिन

म्युनिक, मार्च १९७३

प्रिय पपा, लेकीचा सलाम.

इथं सगळं ठीक आहे. मी नर्स आहे त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई रविवारी वादनाला घरी बोलावतात. अडीचशे वर्षांपूर्वी हौशी लोकांनी घरी बसून वाजवावं म्हणून लिहिलेलं संगीत, आपण नगरला वाजवायचो तेच.

पहिल्या दिवशी तुम्ही शिकवलंत तशी मी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून बसले. त्यांना फार गंमत वाटली. तेव्हापासून मला खुर्चीच देत नाहीत. मागितली, तर बाई म्हणाल्या, तू खालीच शोभतेस.

नळाला पाणी येतं का? आईचे गुडघे कसे आहेत?

सोबत फोटो आहे. सगळे खुर्च्यांवर, मी खाली त्यांच्या कुत्र्याशेजारी, हसतेय. आईला दाखवण्याआधी कुत्रा तेवढा कापून टाका.

तुमची एस्तेर