अर्धवट निरोपांची बेरीज

३ फेब्रु., मंगळ.
आज सकाळी वीस मिनिटं आधी माणिकपूरला पोचलो, ऑफिस उघडलं आणि नव्याने लागलेल्या अनुजाच्या टेबलावरची वही वाचली. न विचारता. चूक सापडावी म्हणून वाचत होतो, हे इथे तरी खरं लिहावं.

सापडली नाही.

आमचं यंत्र विहिरीवर बसतं आणि घरातल्या पेटीला बिनतारी निरोप पाठवतं. पाणी आहे, पाणी नाही. त्यावर पंप चालतो. नारळी-केळींतून येताना निरोप फाटतो. माझी पद्धत सहा वर्षं चालली: दर वेळी तीन प्रती मागवायच्या आणि निरोपातल्या एकेका खुणेला बहुमत घ्यायचं, तिनांत दोन प्रती सांगतील ते खरं. अनुजा बहुमत घेत नाही. कुठली खूण किती खात्रीने ऐकू आली ते पेटीत जपून ठेवते, पुढची प्रत आली की त्यात मिळवते. पुसट आणि पुसट मिळून स्वच्छ. बहुतेकदा दोन प्रतींत काम होतं.

इतकं सोपं. सहा वर्षांत मला का नाही

५ फेब्रु., गुरु.
अनुजाच्या पद्धतीची चाचणी झाली. उत्तम. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "राऊत, तुमचं तिनाचं काम पोरीने दोनात केलं." सगळे हसले, मीही. अनुजाने लगेच सांगितलं की काकांच्या पद्धतीवरूनच सुचलं. त्याचाच जास्त राग आला.

घरी सुनंदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची पोर असती तर पेढे घेऊन आला असता."

जेवलो कमी.

८ फेब्रु., रवि.
नंदाखाल. घरच्या वाडीत सकाळपासून लाईट नाही. वसंताने (चुलतभाऊ, विहीर सामाईक) डिझेल इंजिन लावून केळी भिजवल्या. विहीर तळाला गेली. चारच्या सुमारास लाईट आली, मी फ्रिजच्या बटणाकडे हात नेला. वसंता म्हणाला, "थांब रे. अजून दोनदा मस्करी करील ती. ऑफिसात बसून विसरलास काय?" केलीच. गेली, आली, गेली, आली.

तिथेच डोक्यात आलं. कुठली प्रत कुठल्या निरोपाची हे पेटी नंबरावरून ओळखते, आणि लाईट येते तेव्हा यंत्र निरोपांचे नंबर पुन्हा एकपासून मोजायला लागतं. पेटीला बॅटरी आहे, ती काही विसरत नाही. तिला वाटणार, एक नंबर म्हणजे मघाचाच निरोप परत आला. बेरीज करणार. सकाळच्या दोन अर्धवट 'पाणी आहे'मध्ये संध्याकाळचं एक 'पाणी नाही' मिसळलं तर जुनंच जिंकेल. पंप कोरडा फिरेल, मोटार जळेल. माझ्या पद्धतीत मागचं काही उरतच नव्हतं.

अनुजा राहते बोळिंजला, सोसायटीत जनरेटर. तिला हे दिसणार कुठून?

आनंद झाला. फार. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून हात जोडले, पण देवाशी बोलायला काही सुचेना.

९ फेब्रु., सोम.
अनुजा कागद घेऊन आली. काही सुटतंय का बघा ना, म्हणाली, तुम्ही वाडीतले. सगळी पानं उलटली. जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलोही. मग म्हणालो, "ठीक आहे."

११ फेब्रु., बुध.
दिवसभर मनात एकच चित्र. मोटार जळली आहे, सगळे गोंधळलेत, आणि मी शांतपणे कारण समजावतो आहे.

पुढच्या बुधवारी पहिलं यंत्र बसणार ते आमच्याच विहिरीवर. म्हणजे जळेल ती वसंताची मोटार. हे ठाऊक असूनही चित्र पुसत नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
तपासणाऱ्याची सही माझी लागते. मालकांनी कागद पुढे केला. केली. इतक्या सहज झाली, याची भीती वाटते.

१५ फेब्रु., रवि.
महाशिवरात्र, उपास. निर्मळला शंकराच्या देवळात गेलो. रांग मोठी, ऊन मोठं. शाळेत गुरुजी षड्रिपू पाठ करून घेत, मत्सर शेवटी यायचा. मला वाटे शेवटचा म्हणजे किरकोळ असणार.

बेल वाहिला. मागितलं काही नाही. उद्या बोलायचं.

१६ फेब्रु., सोम.
सांगितलं.

आधी अनुजाला चूक दाखवली. कागदावर विहीर काढली, लाईट कशी येते-जाते ते सांगितलं. तिला दोन मिनिटांत कळलं. लाईट आली की पेटीतलं जुनं पुसून टाकू, असं मी म्हणणार, तेवढ्यात तिने त्याहून बरं काढलं. दर वेळी लाईट आली की यंत्राने स्वतःची नवी खूण घ्यायची आणि ती निरोपासोबत पाठवायची. खूण वेगळी दिसली की पेटी बेरीजच करणार नाही. मला हे सुचलं नसतं. आत पुन्हा टोचलं, अशा वेळीही.

ती आभार मानत होती. तिथे थांबता आलं असतं. म्हणालो, हे मला आठ दिवसांपूर्वी, आठ तारखेच्या रविवारीच कळलं होतं.

"पण सोमवारी तर तुम्ही ठीक आहे म्हणालात."

"हो. आणि शुक्रवारी सही केली."

"का, काका?"

"हेवा वाटला तुझा."

ती खुर्चीत बसली. मग विचारलं, मालकांना माहीत आहे का. नाही म्हणालो. दुपारी ती डबा घेऊन आमच्या टेबलाशी आली नाही.

दु. ३. केबिनमध्ये गेलो, तपासणीचा कागद परत मागितला. मालकांनी कारण विचारलं. तिला सांगितलं तेच, त्याच शब्दांत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. यापुढे तपासणी माझ्याकडे ठेवायची की नाही याचा विचार करतो, म्हणाले. मी सहीवर काट मारली आणि बाजूला आजची तारीख घातली.