नववी सही

ताश्कंद, १४ ऑक्टोबर

हुल्कार-ओपा,

सलाम. तुमची, लेकीची, जावयाची, नातवंडांची खुशाली कळवावी. नमनगानची हवा आपल्यापेक्षा बरी असं तुम्ही नेहमी म्हणायचात, तेव्हा गुडघे आता कमी दुखत असतील. मी ठीक आहे. रक्तदाब अधूनमधून वर जातो. मग मी बसून राहते आणि तो खाली येतो.

हे पत्र मी आपणहून लिहायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. काल तंदूरपाशी मुकद्दस म्हणाली, "सानोबार, तिला तू लिही. पुस्तकं वाचून वाचून तुला शब्द तरी सापडतात. मी लिहायला बसले तर शिव्याच उतरतील." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. काय लिहायचं तेही तिनं सांगितलं आहे. ते पुढे येईलच, आधी घराकडची बातमी.

कालव्याकाठचा रस्ता तुम्हाला आता ओळखू यायचा नाही. बंद पडलेल्या सूतगिरणीला काचा बसल्या, आत कॉफीची दुकानं निघाली. संध्याकाळी दिवे लागले की पाण्यावर अशी झगमग होते की मलासुद्धा खिडकीत उभं राहावंसं वाटतं. नटलेल्या मुली आपल्या जिन्यावर बसून फोटो काढतात. परवा एकीला मी म्हटलं, "पोरी, त्या पायरीवर मासे साफ केलेत." ती म्हणाली, "खाला, किती छान जुनं आहे तुमचं घर! पाडू नका हं!" जसं काही पाडणं माझ्या हातात आहे.

आपल्या भिंतीवर लाल रंगात आकडे लिहून गेले आहेत. कशाचे ते कुणी सांगत नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस पाणी नव्हतं. घर पाडायला निघालेली कंपनी म्हणते, पाइप फुटला. मुकद्दस म्हणते, "चाळीस वर्षं न फुटलेला पाइप कागद फिरायला लागल्यावरच बरा फुटला!" मग एक माणूस गॅसचा मीटर बघायला आला आणि छताकडेच बघत राहिला. "मीटर वर टांगलाय का रे बाबा?" म्हटलं, तर नुसता हसला. मला आता कुणाचंच हसणं साधं वाटत नाही. दार वाजलं की आधी पडद्याआडून बघते.

तुमच्या खिडकीखालच्या बिहीच्या झाडाला यंदा खूप फळ आलं. सडून जाईल म्हणून मी उतरवून मुरंबा केला. कुठून आणल्या म्हणून मुकद्दसनं विचारलं, तर मी बाजारातून म्हणाले. एवढ्याशा गोष्टीत खोटं का बोलले, तेव्हा कळलं नाही.

आता निरोप. रविवारी, २६ तारखेला, तुतीखाली सभा आहे. मुकद्दसची सून उमिदा वकील आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तिनं कागद बघितले. बारा घरांपैकी नऊ जणांची संमती झाली म्हणून अख्खी इमारत पाडायचं ठरलं आहे. एक जरी मागे फिरला तरी आठ उरतात आणि काम थांबतं. मात्र मागे फिरणाऱ्यानं भर सभेत उभं राहून सही कशी घेतली गेली ते सांगायला हवं, आणि ते वहीत उतरायला हवं. मुदत महिनाअखेरपर्यंत. आठ जणांनी तर उघड, हसत सह्या केल्या, त्यांना नवी घरं हवीत. म्हणून मुकद्दसचं म्हणणं असं: "हुल्कारला लिही, ये आणि सही मागे घे. आम्ही झालं गेलं विसरू. तंदूरची पहिली रोटी पुन्हा तिच्या दारी पाठवू."

एवढं लिहून पत्र बंद करायचं होतं.

१५ ऑक्टोबर

पत्र काल टेबलावर उघडंच राहिलं. आज सकाळी चहा केला, दोन पेले काढले आणि एक परत ठेवला. तुर्गुन जाऊन नऊ महिने झाले तरी हात दोनच पेले काढतो. मी हाताला आता रागवत नाही.

तुम्हाला त्यांची मयत आठवत असेल. अंगणात बर्फ होतं. बाहेर नेताना धाकटे दीर उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "माझ्या भावाचं कुणाशी देणं राहिलं असेल, कुणाला त्यानं शब्द दिला असेल, तर ते ओझं आता आमच्यावर. आमच्याकडे या." कुणी पुढे आलं नाही. कोण येणार? साधा माणूस. रेल्वेच्या डब्यात चहा देण्यात जन्म गेला, त्यांनी शब्द दिला तो फार तर गरम पाण्याचा. तुम्ही माझ्या मागे उभ्या होतात. तुमचा हात माझ्या पाठीवर होता, तो मला कोटातूनही गरम लागत होता.

चाळिसावा दिवस उलटल्यावर, मार्चमध्ये, तो एल्योर माझ्याकडे आला. कंपनीचा तोच गोरटेला पोरगा, जो सगळ्यांना "ओनाजोन, ओनाजोन" करतो, जणू आपणच त्याला जन्म दिला. रोटी घेऊन आला, जमिनीवर बसला, हात पसरून फातिहा वाचला, डोळे पुसले. चांगला वाचला हो, अडखळला नाही. मग म्हणाला, "ओनाजोन, बोलू की नको समजत नाही. तुर्गुन-अकांनी मला शब्द दिला होता. चहाखान्यात, छातीवर हात ठेवून. थंडी सरली की सही करीन म्हणाले होते. मी त्यांना मोकळं करायला तयार आहे, पण शब्द माझा एकट्याचा नाही, कंपनीचा आहे. तो त्यांच्या मानेवर राहू नये एवढीच माझी इच्छा."

ओपा, मी कपडे धुणारी बाई. रेल्वेच्या धुलाईघरात चादरींत राहिलेली पुस्तकं घरी आणून मी वाचायला शिकले. कुठल्याही कागदाचं शेवटचं पान मी आधी बघते, हे तुम्हीच लोकांना सांगत फिरायचात. त्या दिवशी मी एकही पान बघितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त त्यांची मान होती. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात गेले आणि जिथे बोट ठेवलं तिथे सही केली.

नववी सही माझी आहे.

लिहिलं एकदाचं. आता थांबायची सोय नाही, म्हणून उरलेलंही सांगते. ते याहून वाईट आहे.

त्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडताना मी तुम्हाला समोरून येताना पाहिलं. खांबाआड झाले. तुमच्या हातात मिठाईचा डबा होता. एल्योर तुमच्या दाराशी ठेवून गेला होता तो. तुम्ही तो परत करायला निघाला होतात. काचेतून मला दिसलं, तुम्ही तो टेबलावर आपटलात आणि रिकाम्या हातानं बाहेर आलात. मला तेव्हाच तुमच्यामागे धावत यायला हवं होतं. मी उलट्या दिशेनं चालत गेले.

ऑगस्टमध्ये "नऊ संमती पूर्ण" असा कागद दारावर लागला, नावांशिवाय. तंदूरपाशी काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. राहिलेले आपण चौघं: तुम्ही, मी, मुकद्दस आणि वरच्या मजल्यावरचा तो म्हातारा गार्ड, जो दोन वर्षांपासून कुणाला दार उघडत नाही. मुकद्दस एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तुम्ही घरी गेल्यावर ती माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी बोलले. "मी हुल्कार-ओपांना मार्चमध्ये त्या ऑफिसापाशी बघितलं. हातात मिठाईचा डबा होता."

बस, एवढंच. एकही शब्द खोटा नव्हता. डबा आत जात होता हे मात्र मी सांगितलं नाही.

तुमच्या दारी रोटी जायची थांबली. मुलांनासुद्धा कळलं. तुम्ही तंदूरपाशी आलात की बायकांना घरातली कामं आठवायची, मलाही. तुम्ही एकदा विचारलंत, "सानोबार, तू पण?" मी पिठाच्या परातीत बघत राहिले. सप्टेंबरात लेक तुम्हाला न्यायला आली, तेव्हा मी पडद्याआड होते. तुम्ही माझ्या खिडकीकडे बघितलंत. मला वाटतं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. ज्यानं सही केलेली नसते त्याला उरलेले तिघंच शोधायचे असतात, आणि तुम्ही काही कच्च्या हिशेबाच्या नाही. तरी तुम्ही कुणापाशी माझं नाव काढलं नाहीत. त्याचा मला इतके दिवस राग यायचा. आता नाही येत.

१६ ऑक्टोबर

मग आज हे सगळं का लिहितेय, असं तुम्ही विचाराल.

गेल्या शुक्रवारी शेजारच्या इमारतीतल्या मस्तुरा-खाला दुकानाच्या रांगेत भेटल्या. त्यांच्याही भिंतीवर लाल आकडे आलेत. बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, एक गोरटेला आला होता माझ्याकडे. फातिहा वाचला, रडला, आणि म्हणतो काय, तुमच्या नवऱ्यानं मला शब्द दिला होता, छातीवर हात ठेवून!"

मी म्हटलं, "मग?"

"मग काय! माझा नवरा झटका आल्यापासून दोन वर्षं मुका पडून होता. मला बिचारा चहा मागू शकला नाही, आणि ह्याला शब्द देऊन गेला! मी म्हटलं, बाळा, कोणत्या हातानं छातीला हात लावला ते तरी सांग, दोन्ही मीच उचलून ठेवत होते." रांग हसली. म्हातारी स्वतःही हसली, मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

मला पायरीवर बसावं लागलं. कारण ओपा, मार्चपासून मी फक्त शेजाऱ्यांवर संशय घेत नव्हते. मी तुर्गुनवरही घेत होते. एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि घर देऊन टाकायचा शब्द ते चहाखान्यात देऊन आले, मला न सांगता? मग आणखी काय काय सांगितलं नाही? त्यांच्या कोटाचे खिसे मी तीनदा उलटे केले. गेलेल्या माणसासाठी रडताना मन आखडतं घ्यायला लागले होते. त्या रांगेत ते मला परत मिळाले, जसे होते तसे, गरम पाण्याचा शब्द देणारे. पाचेक मिनिटं मी सुखात होते. मग तुम्ही आठवलात.

काल मुकद्दस पत्राची चौकशी करून गेली. "लिहिलंस ना? काय म्हणेल गं ती?" मी म्हटलं, "लिहितेय. लांबलंय." ती म्हणाली, "लांबव, पण गोड लिही." मी तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला कळायला हवं, मग सभेला, हाच क्रम बरोबर आहे. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकून मी पुन्हा बिहीच्या मुरंब्यावरच बोलत बसले असते.

तर २६ तारखेला मुकद्दस सगळ्यांपुढे विचारेल, हुल्कारचं उत्तर आलं का? मी तुतीखाली उभी राहीन आणि मार्चपासूनचं सगळं सांगेन, एल्योरचं, सहीचं आणि डब्याचंही. डब्याचं वहीत उतरायची गरज नाही असं उमिदा म्हणेल. मी उतरवायला लावीन. घर त्यानं वाचेल की नाही ते मला सांगता येत नाही. कंपनीकडे माणसं पुष्कळ आहेत. पण तुमचं नाव त्या अंगणात सोमवारी स्वच्छ असेल. बायका मला रोटी पाठवायच्या थांबल्या तर मी ती बाजारातून आणीन, आणि त्या वेळी ते खरं असेल.

तुम्ही या असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. मुरंब्याच्या चार बरण्या तुमच्या झाडाच्या आहेत, नमनगानला जाणारं कुणी भेटलं की पाठवते. उघडायच्या की नाही ते तुम्ही ठरवा.

एक मात्र विचारायचं आहे. माझ्यामागे मूलबाळ नाही. मला बाहेर नेताना कोण उभं राहील आणि कुणाचं काय राहिलं ते विचारेल, कोण जाणे. म्हणून जिवंतपणी, स्वतःच्या तोंडानं, मीच विचारते. माझ्यावर कुणाचं काही राहिलं असेल तर माझ्याकडे या. पहिलं तुमचं आहे, ओपा. घाईनं माफ करू नका.

मानेवर तुमचं ओझं असलेली,
घर क्रमांक सातची
सानोबार