विंडोजमुक्त घर

७ जून २००४, सोमवार
मासिकासोबत लिनक्सची सीडी आली. फुकट! अख्खं लातूर चोरीच्या विंडोजवर चालतं आणि वर पॅटर्नच्या गप्पा मारतं. उद्यापासून आमचं घर विंडोजमुक्त. एक तास पुरे.

फिजिक्सचं माझं पुस्तकही मग लिनक्सवरच पुरं करीन. सहा वर्षांची मेहनत आहे. ते आलं की राजशेखरच्या नोट्स रद्दीत जाणार. हा माझाच जुना विद्यार्थी. डोकं बेताचं, आणि त्याच्या क्लासला नऊशे पोरं! त्याच्या टेस्टचे पेपर माझीच बायको गुरम्मा माझ्याच कॉम्प्युटरवर टाईप करते, हे वेगळं.

८ जून, सकाळ
गुरम्मा म्हणाली, हात लावू नका, रविवारच्या टेस्टचे दोनशे प्रश्न हायेत त्यात. गेले तर राजशेखर काम काढून घेईल. म्हणालो, डेटा कुठं जात नसतो. या बाईनं त्र्याण्णवच्या भूकंपापासून दारामागं पिशवी भरून ठेवलीय. रेशनकार्ड, घराचे कागद, बॅटरी. अकरा वर्षं! हिला डिस्कचं पार्टिशन काय समजावणार?

८ जून, दुपार
सगळी डिस्क वापरू का, असं लिनक्सनं विचारलं. अर्धवट कामं मला आवडत नाहीत. हो म्हणालो.

९ जून
लिनक्स सुंदर आहे. आवाज येत नाही. प्रिंटर ओळखत नाही. नेट लागत नाही, पण मॉडेमच हलका, त्याला लिनक्स काय करणार. प्रश्न दिसत नाहीत. असतील कुठंतरी.

१० जून
नाहीत. गुरम्माला म्हणालो, सिस्टिम सेट होऊन राहिलीय.

११ जून
पासवर्ड विसरलो. कॉम्प्युटरचा डबा उचलून सायबर कॅफेवाल्या मकबूलकडं नेला. म्हणाला, सर, पूरा साफ करके बैठे तुम. ज्याच्या कीबोर्डवर चहा सांडलेला, तो मला शिकवणार!

घरी येताना आठवलं. पुस्तकही त्यातच होतं. जेवण गेलं नाही.

१२ जून
गुरम्माला सांगितलं. व्होल्टेजचा दोष असू शकतो, हेही सांगितलं. ती ओरडली नाही. खरं सांगतो, भीती वाटली. दारामागं गेली, पिशवीतून फ्लॉपी काढली. रोज काम संपलं की त्यात कॉपी करून ठेवायची म्हणे. ती घेऊन मकबूलकडं गेली. आता तिथंच टाईप करणार, घरात भरवसा न्हाई म्हणाली.

१३ जून, रविवार
टेस्ट वेळेवर झाली. राजशेखर पाया पडून गेला. गुरम्माच्या.

ती परत कॅफेत गेल्यावर पिशवी उघडली. तळाशी आणखी एक फ्लॉपी. वर तिच्या अक्षरात: ‘यांचं पुस्तक’. डोळ्यांत पाणी आलं.

लिनक्सवर पासवर्डच आठवेना, म्हणून पळत मकबूलकडं. त्यानं उघडली. एकच पान. मुखपृष्ठ. माझं नाव, खाली एम.एस्सी.

मकबूलनं विचारलं, बाकी किताब किधर है सर?

म्हणालो, लिनक्सनं खाल्लं.

शेजारच्या कॉम्प्युटरवर गुरम्मा टाईप करत होती. तिनं वर पाहिलं नाही.