स्वेटर घातलेला कावळा

अहो ड्रायव्हरसाहेब,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. बापू भाऊजी सकाळीच केजच्या बाजाराला गेलेत, पत्रावळ्या आणि गूळ आणायला. घरात कुणी नाही, मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा पडलाय, तो तसाच ठेवून मी कागद घेऊन बसलेय. उद्या चार लोकांत मला एक गोष्ट बोलायची आहे. ती आधी तुमच्या कानावर घालते, नाहीतर म्हणाल, मला न सांगता केलं.

न विचारता बोलायची सवय माझी नाही, तुमच्या धाकट्या भावाची आहे. दहाव्याला काय झालं, आठवतंय ना? का तुम्हाला तिथून काही दिसत नव्हतं?

तळ्याच्या काठावर पिंड ठेवला होता. शेजारी तुमची बाजरीची भाकरी, ठेचा, कपभर चहा, तंबाखूची पुडी. कावळा समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघत होता. रेखानं हात जोडून सांगितलं, "आईला मी सांभाळते." कावळा हलला नाही. डेपोतल्या तुमच्या कंडक्टरनं सांगितलं, "तुझी मोटारसायकल इकू देत न्हाई." तरी नाही. ऊन तापलं, लोक चुळबुळ करायला लागले. मग बापू भाऊजी पुढं झाले आणि रडत रडत म्हणाले, "दादा, वहिनी आता कुटं बी जायची न्हाई! ते फारिनचं खूळ संपलं. हितंच, धारूरातच ऱ्हाईल ती. मी शबूद देतो. शिव आता!"

आणि मेला तो कावळा त्याच वेळी खाली आला की हो!

मी मागं बायकांत बसले होते. "थांबा" म्हणत उठले, तर तुमच्या आत्यानं पदर धरून खाली बसवलं. तोवर कावळा भाकरी घेऊन उडालासुद्धा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तुमचा जीव कशात अडकला होता ते म्हणे सगळ्यांना कळलं. मला सोडून सगळ्यांना!

खरं सांगा, तो तुम्ही होतात का?

मला नाही पटत. त्या कावळ्याला भूक लागली असेल. पण वर्षभर घरात एकच चाललंय. रेखानं व्हिएन्नाहून फोन केला, "आई, हिवाळ्यात महिनाभर ये", की भाऊजी पलीकडून ओरडतात, "दादाला शबूद दिलाय!" शब्द त्यांनी द्यायचा आणि पाळायचा मी. हा कुठला न्याय?

भाऊजी वाईट नाहीत. त्यांना मनापासून वाटतं की त्या हिवाळ्यात आपण दोघं गेलो त्या बुडापेस्टच्या थंडीनं तुम्हाला खाल्लं. "उगड्यावर गरम पान्यात बसलं, भाईर बरफ! छातीत गारठा बसंल न्हाई तर काय?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. केजच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं, हृदयाची शीर आधीपासूनच बंद होत आली होती. तुम्ही गेलात ते हिवाळा संपल्यावर, भर चैत्रात, अंगणात मोटारसायकल पुसता पुसता. पण गारठ्याची गोष्ट सांगायला सोपी आहे, आणि 'हिनंच नेलं' म्हणून दोष द्यायला बाईही घरातच आहे.

आणि हे सगळं तुमच्यामुळं! तो फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकायचं काय नडलं होतं? रेखाला पाठवायचा तो, तर तुम्ही चष्मा न लावता बोट दाबलं. सगळ्या धारूरानं बघितलं, आपली दोघांची डोकी पाण्याच्या वर, सगळीकडं वाफ, माझ्या केसांवर बर्फ, आणि मी तोंड उघडून हसतेय. खाली तुम्ही लिहिलं होतं, "गरम पाण्यात हाय. मजेत." तुमच्या आत्यानं तर देवघरापुढं दिवा लावला म्हणे, आमची सुबुद्धी परत यावी म्हणून!

पण मी सांगते, मला त्याची लाज तेव्हाही नव्हती, आजही नाही. आपल्या लग्नानंतरचा प्रवास म्हणजे तुळजापूर, तेही एका जीपमध्ये सगळं खानदान कोंबून. मी सासूबाईंच्या मांडीशी, तुम्ही पुढं गाडी चालवत. अख्ख्या संसारात दोघांनीच कुठं गेलो का आपण? रेखाकडं गेलो तेव्हा तीच म्हणाली, "मला कामं आहेत, तुम्ही दोघं तीन दिवस बुडापेस्टला जाऊन या." तुम्ही घाबरला होता. घाटात एसटी चालवणारा माणूस, आणि रेल्वेच्या डब्यात माझा हात सोडत नव्हता!

तिथली पिवळी ट्राम आठवते? पहिला दिवस आपण फक्त तीच बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. राजवाडा नको, चर्च नको, तुम्हाला ड्रायव्हरच्या मागं उभं राहायचं होतं. ड्रायव्हर बाई होती, पिकल्या केसांची. तुम्ही तिचे हात बघत राहिलात आणि मला म्हणालात, "कमल, ब्रेक बघ कसा लावती. उभ्या मान्साला धक्का न्हाई." शेवटच्या थांब्यावर तुम्ही तिला कडक सलाम ठोकला. तिनंही ठोकला. तुमचा चेहरा असा उजळला होता की मी तुम्हाला बघत बसले, शहर राहिलंच.

दुसऱ्या दिवशी ते गरम पाण्याचं कुंड. रेखानं दिलेला पोहण्याचा पोशाख बघून मी म्हटलं, एवढ्या कापडात मी ब्लाउजची एक बाही शिवते! मग निघायच्या आदल्या रात्री रेखाच्या घरीच तसल्याच दुसऱ्या पोशाखाचं कापड जोडून बाह्या लावल्या, गुडघ्यापर्यंत घेर दिला, आणि उतरले. तुम्ही काठावर टॉवेल गुंडाळून "नगं नगं" करत उभे. मीच हात धरून ओढलं. आत आल्यावर डोळे मिटून तुम्ही म्हणालात, "आगं, पाठीचं दुखनंच गेलं की!" गाडी चालवून चालवून धरलेली ती पाठ. ती तिथं, त्या पाण्यात सुटली. हे भाऊजींना कोण सांगणार?

आता खरं सांगायचं ते. तिसऱ्या दिवशी नदीकाठी बाकावर बसून आपण बरोबर नेलेली भाकरी खात होतो. धारूरचंच बाजरीचं पीठ, रेखाच्या घरी थापलेली. एक कावळा आला. डोकं काळं, पंख काळे, अंग मात्र राखाडी. तुम्ही हसून हसून बेजार. "आगं, ह्यानं तर स्वेटर घातलाय!" तुकडा टाकला, त्यानं लगेच उचलला. दुसरा टाकला, तोही उचलला. मग तुम्ही म्हणालात, "बघ, ह्याचं काई नाटक न्हाई. मी गेल्यावर तिकडं तळ्यावर उनात ताटकळू नगंस. हितं ये, ह्याला भाकर टाक. मी हितंच यीन."

मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नका." तर तुम्ही हात पुढं केला. "शबूद दे." आणि मी हसत हसत दिला.

दिला होता ना? मग माझा शब्द आधीचा आहे. तुमच्या भावाचा नंतरचा, तोही माझ्या वतीनं, मला न विचारता दिलेला. तळ्यावरचा तो कावळा कुणाचाही असो, तुमचा नव्हता. तुम्ही मला घरात कोंडायला खाली येणार? ज्यानं कुंडात सगळ्यांसमोर माझ्या केसांवरचा बर्फ झटकला, तो माणूस? छे!

तर उद्या पान वाढल्यावर मी मागं बायकांत बसणार नाही. आत्यांनी पदर धरला तर पदर सोडवून घेईन. पुढं येऊन, मोठ्यानं, भाऊजींच्या देखत सांगेन की येत्या हिवाळ्यात मी बुडापेस्टला जाणार आहे, आणि का जाणार आहे तेही. कावळा शिवला तर शिवला. नाही शिवला तर बसू दे त्याला बाभळीवर, मी लोकांना जेवायला वाढायला घेईन.

रेखाला कळवलंय. या खेपेला एकटीच जाईन, ट्राममध्ये ड्रायव्हरच्या मागं उभी राहीन, तुमच्या वाटचा सलाम ठोकीन. गरम पाण्यातही उतरेन, बाह्यांचा तो पोशाख पेटीत घडी करून ठेवलाय. मग त्याच बाकावर जाऊन बसेन. भाकरी धारूरच्याच पिठाची असेल आणि ठेचा तुम्हाला लागतो तसा तिखट.

तुम्ही फक्त स्वेटर घालून या.

शब्दाची पक्की,
तुमची कमल