वर्ग येईल

बाई, परवा शिरूरच्या एसटी स्टँडवर ती भेटली. कालव्यापलीकडच्या वस्तीवरची, दोन वेण्या वर बांधलेली, भूमितीत हुशार आणि इंग्रजीत वर्गातल्या सगळ्यांसारखीच ढ. आता कडेवर मूल आणि हातात कंपनीत न्यायच्या डब्याची पिशवी. मी ओळखायच्या आधी तिनंच मला ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "तवा बाई लई आजारी हुत्या का वो?" मी म्हणाले, "व्हय." तिची गाडी लागली, ती गेली, आणि मी तिथंच उभी राहिले. त्या एका 'व्हय'साठी हे लिहायला बसले आहे. रागवायला तुम्ही नाही, म्हणूनच एवढा धीर होतोय. हे तुम्ही लगेच ओळखलं असतंत.

आपला वर्ग म्हणजे घरादारानं नाद सोडलेल्या पोरापोरींचा. सगळे दहावी नापास नाहीतर शाळा सुटलेले, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारे. शिरूरच्या मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन तुम्ही आमच्या खुटबावला खोली घेतलीत आणि संध्याकाळचं दूध यायच्या आधी डेअरीचा ओटा रिकामा असतो हे हेरून आम्हाला तिथं गोळा केलंत. नियम एकच. एक जण जरी आला नाही, तर वर्ग ओट्यावर भरायचा नाही. फळा सायकलच्या कॅरियरला बांधायचा आणि सगळ्यांनी त्याच्या दारात जाऊन बसायचं. मी गणितात दुसऱ्यांदा आपटले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, फर्मान काढलं की बास झालं आता. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला, नुकती कुठं शेती हाताला लागलेली. तिसऱ्यांदा परीक्षा हे त्यांना खूळ वाटायचं. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात चौदा डोकी आणि लिंबाला टेकवलेला फळा. आबा म्हणाले, "ही काय जत्रा आणलीया, बाई?" तुम्ही पदरानं घाम पुसत म्हणालात, "जत्रा नव्हे, आबा. तुमची नात वर्गात आली नाही, म्हणून वर्ग तिच्याकडं आला." आबा फळ्याकडं बघून आईला म्हणाले, "च्या टाक सगळ्यान्ला. आन् तिला म्हणावं, बस जाऊन." मी दारामागं उभी. लाजेनं मेले होते, आणि आपल्यासाठी कुणी एवढा फळा वाहून आणला म्हणून रडूही येत होतं.

त्या चालण्यानं किती काय झालं, बाई. ओढ्यातून फळा नेताना दोनदा भिजला, म्हणून पोरांनी ओढ्यात दगड टाकले. मग त्याच दगडांवरून वस्तीची लहान मुलं शाळेत जाऊ लागली. सासवा-सुना दारात बसून ऐकता ऐकता सही शिकल्या. आणि मी आगाऊ. एका गैरहजर पोराच्या आईला तिच्याच अंगणात सुनावलं, "तुमाला पोराची काळजी हाय का न्हाई?" खोलीवर आल्यावर स्टोव्हला पंप मारता मारता म्हणालात, "आपण त्यांच्या दारात पाहुणे म्हणून जातो. वसुलीला नाही. पुन्हा असं बोललीस तर फळा तू धरायचा नाहीस." पण मी पास झाले तेव्हा तुम्ही मला चपला आणल्यात, टायरच्या सोलच्या, दणकट. मला पेनाची आशा होती. "पेन कुणीही देईल," तुम्ही म्हणालात, "तुला चालायचंय."

मग तुमचा गुडघा गेला आणि शिकवणं, हजेरी, सगळं माझ्या हातात आलं. तुम्ही खोलीच्या खिडकीत बसायचात, ओटा तिथून हाकेवर. त्या सोमवारी ती आली नव्हती. कालव्यापलीकडची वस्ती म्हणजे जाऊन-येऊन दीड तास. बीजगणिताचा धडा अर्धा राहिला होता. मी तिच्या नावापुढं हजर मांडलं. खिडकीतून तुम्ही विचारलंत, "सगळे आहेत?" मी म्हणाले, "व्हय, बाई." पोरांनी माझ्याकडं बघितलं आणि वह्या उघडल्या. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी मात्र राहवेना, फळा बांधला आणि गेलो. घराला कडी होती. शेजारची मावशी म्हणाली, "काल हळद लागली तिला, सोयऱ्याच्या गावाला घिऊन गेले. तीन दिस वाटंकडं डोळं लावून बसली हुती पोर. म्हनायची, वर्ग येईल, बाई माज्या बापाशी बोलतील."

तुम्हाला मी एवढंच सांगितलं की तिचं लग्न झालं, आपल्याला उशीर झाला. तुम्ही गुडघ्यावर हात मारून म्हणालात, "हा मेला नसता तर मी स्वतः गेले असते." आणि त्यानंतर, अगदी दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा, तुम्ही त्या गुडघ्याला बोल लावत होतात. मी तुमचे पाय दाबत होते आणि गप्प होते. शिरूरच्या दफनभूमीत तुमच्यावर मूठभर माती टाकली, तेव्हाही गप्पच. परवा तिनं विचारलं तेव्हा मी तुमचाच आजार पुढं केला. म्हणजे दोनदा तुमच्या आड लपले.

वर्ग चालू आहे. मागच्या महिन्यात तालुक्याला माझा सत्कार झाला, शाल दिली, 'एकही विद्यार्थी न सोडणाऱ्या निष्ठावान ताई' म्हणाले. मला खुर्चीत बसवेना. नवा सरपंच तरणा आहे, आपल्याच वर्गातून पास झालेला. तो म्हणतो, "ताई, आता घराघरात मोबाईल हाय. एक मिस्ड कॉल टाकायचा, कशाला उन्हातान्हात वरात काढता?" मी सांगितलं, मोबाईल दारात जाऊन बसत नाही. फळा बांधायचा तो बांधायचाच, माझ्या पायांत बळ आहे तोवर तरी. त्यानं हात जोडले.

आणि बाई, एक ठरवलंय. येत्या रविवारी मी तिच्याकडे जाणार. वढूच्या अलीकडं, फाट्यावरून आत तिचं घर आहे, स्टँडवर तिनं सांगितलं होतं. पिशवीत सतरा नंबरचा कोरा फॉर्म ठेवलाय. तिच्या दारात आधी खरं सांगायचं, मग फॉर्म काढायचा. तिनं हाकलून दिलं तर पुढच्या रविवारी परत जायचं, पाहुणी म्हणून. तुमची हजेरीची वही अजून माझ्याकडे आहे. त्या तीन दिवसांच्या खुणा खोडणार नाही, तशाच तिला दाखवणार.

हे पत्र कुठं टाकणार? टाकायला जागा असती तरी आज टाकलं नसतं, कारण आधी तिला सांगायचं आहे. पण एक वाक्य तुमच्यासाठीच आहे, आणि ते वर लिहिताना मी पुन्हा चुकवलं. बीजगणिताचा धडा त्या दिवशी वीस मिनिटांत संपला होता, बाई. तुमच्या गुडघ्याचा काही दोष नव्हता. ऊन होतं, आणि मला चालायचा कंटाळा आला होता.